चौथ्या हाताला भिंत

भोवरा पाण्यात उतरला की पहिला येणार, हे कॉलेजात इतकं ठरलेलं होतं की त्याच्या शर्यतीला लोक दुसरा कोण येतो ते बघायला यायचे. ही गोष्ट तो मुलींच्या संघातून पोहायचा तेव्हाची. आता तो मुलांच्या संघात होता आणि रोज सकाळी न चुकता शेवटचा यायचा. शेवटचा म्हणजे किती शेवटचा, तर बाकीची पोरं भिंतीला टेकून, गॉगल कपाळावर चढवून गप्पा छाटायला लागलेली असायची आणि हा अजून आपला हात मारतोच आहे. मग धापा टाकत भिंतीला लागायचा आणि चक्क हसायचा. लोकांना त्या हसण्याचाच राग यायचा. चांगला राजासारखा होतास, रंक व्हायची अवदसा कुठून आठवली, असं जो तो विचारायचा. कॅन्टीनवाला विचारायचा, ग्रंथालयातल्या बाई विचारायच्या, आणि ज्यांनी जन्मात गुडघाभर पाण्याच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं असले महाभागही विचारायचे. लोकांचं काय जातं! जीभ उचलायची आणि टाळ्याला लावायची.

भोवरा हे त्याचं टोपणनाव. लहानपणी पोहायला शिकताना तो भिंतीशी आला की असा गर्रकन वळायचा की बघणाऱ्याला वाटावं, कुणी दोरी ओढून सोडलाय. हे नाव कोचबाईंनी ठेवलं. कागदोपत्री नाव बदलायला त्याला पुढे बरीच खटपट करावी लागली, पण भोवरा तेवढा कुणालाच बदलावा लागला नाही.

कोचबाई म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक, आणि लहानपणी त्याला पोहायला शिकवलं तेही त्यांनीच. आवाज असा की पाण्याखाली असलेल्यालाही शिव्या स्पष्ट ऐकू जाव्यात. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी भोवरा त्यांच्या खोलीत गेला, दार लावलं, आणि आठवडाभर घोकून ठेवलेलं बोलला. आपण मुलगी नाही, कधीच नव्हतो, पोशाखापासून नावापर्यंत सगळं दुसऱ्या कुणाचं तरी अंगावर घातल्यासारखं वाटतं, आणि आता आपल्याला आपण आहोत तसं, मुलांमध्ये पोहायचंय. बाई काय काय विचारतील याची उत्तरं त्यानं तयार ठेवली होती. बाईंनी हातातलं स्टॉपवॉच टेबलावर आपटलं.

“आणि माझ्या रिलेत बॅकस्ट्रोक कोण मारणार? तुझा बाप?”

ह्याचं उत्तर काही त्यानं तयार केलेलं नव्हतं. तो आधी हसला आणि मग तिथंच खुर्चीवर बसून हमसून हमसून रडला. बाई महिनाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. संघातला सगळ्यात चांगला गडी गेल्यावर कुणाला राग येणार नाही? पण त्याच महिन्यात त्या मुलांच्या कोचकडे जाऊन चांगल्या तासभर भांडून आल्या. ‘माझा पोरगा घ्या’ म्हणून भांडत होत्या, असं मागाहून शिपायानं सांगितलं. माझा पोरगा, असंच म्हणाल्या होत्या.

घरी वेगळीच तऱ्हा. भोवऱ्याची आई पाळणाघर चालवायची. दिवसभर दुसऱ्यांची बारा पोरं सांभाळणाऱ्या बाईला रडायला वेळ कमीच. तिनं कडेवरचं पोर झोळीत टाकलं, थोडं रडून घेतलं, डोळे पुसले आणि विचारलं, “मग ती पदकं परत द्यावी लागतात का रे?” भोवरा म्हणाला, “नाही आई, ती पोहून मिळालीत.” मग ठीक आहे, म्हणाली. एवढ्यावर तिचं समाधान झालं असं नाही, पण रात्री पाठीवर हात फिरवत बसली, आणि ज्या घरात एक माणूस असा हात फिरवतो त्या घरात बाकीचं हळूहळू जमून येतं.

वडिलांचं सलून होतं. तीन खुर्च्या, तीन आरसे, दारावर मण्यांचा पडदा. बाबा मुळात अबोल. ऐकलं आणि चार दिवस नेहमीसारखे गिऱ्हाइकांच्या दाढ्या करत राहिले. पाचव्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी भोवऱ्याला हाक मारली, मधल्या खुर्चीवर बसवलं, पांढरी चादर गळ्याशी बांधली, आणि पाठीवर रुळणारी ती लांब वेणी हातात घेऊन विचारलं, “किती बारीक करायचे?” झालं. बाप-लेकात त्या विषयावर तेवढंच बोलणं झालं. पुढे एकदा एका गिऱ्हाइकानं खुर्चीत बसल्या बसल्या काहीतरी खवचट विचारलं. तेव्हा बाबांनी वस्तरा त्याच्या गळ्याशी धरूनच शांतपणे सांगितलं, मान सरळ ठेवा. वस्तरा गळ्याशी असताना माणूस फारसा वाद घालत नाही.

पुढचं वर्ष शर्यतींशिवाय गेलं. डॉक्टर, इंजेक्शनं, छातीची शस्त्रक्रिया, मग स्पर्धा घेणाऱ्या समितीची परवानगी. आवाज फुटला, खांदे भरले, हनुवटीवर मोजून तीन केस आले. ते तीन केस घेऊन भोवरा सलूनमध्ये आरशासमोर इकडून तिकडून बघत उभा राहिला, तर बाबांनी त्याला बसवून गरम टॉवेल, फेस, ब्रश सगळ्या सरंजामानिशी त्याची दाढी केली. तीन केसांची दाढी आणि तिला लागला पाऊण तास.

मग तो मुलांच्या संघात आला. पहिल्या दिवशी नुसती गुडघ्यापर्यंतची चड्डी घालून, उघड्या अंगानं तो खोलीतून तलावाकडे चालत आला. छातीवर शस्त्रक्रियेच्या दोन आडव्या रेघा अजून लालसर होत्या. पोरं वळून बघायला लागली. त्यांच्यात सगळ्यात उंच एक होता, मान लांब, चाल डुलत, त्याला सगळे उंट म्हणायचे. तो जवळ आला, वाकून बघितलं आणि विचारलं, “दुखतं का?” भोवरा म्हणाला, आता नाही. “मग चल,” उंट म्हणाला, “सर बोंबलतील.” भोवऱ्यानं उभ्या आयुष्यात पाण्यात बऱ्याच उड्या मारल्या होत्या, पण त्या दिवशीच्या उडीसारखी एकही नव्हती. पाणी सगळ्या अंगाला लागलं. त्याला इतका आनंद झाला की तळाशीच बसून राहावंसं वाटलं.

तो शेवटचा येऊनही का हसायचा ते आता कळलं असेल. पण हसून पोट भरत नाही, आणि भोवरा काही साधू नव्हता. त्याला एक गोष्ट हवी होती आणि ती जिवापाड हवी होती. वर्षाअखेरीला आंतरकॉलेज स्पर्धा असायची आणि तिच्यात सगळ्यात शेवटी मेडले रिले. चार जण, चार तऱ्हांचं पोहणं, पहिला बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवरचा. भोवऱ्याला त्या चौघांतला एक व्हायचं होतं. एकट्याच्या पदकांनी घरी खोका भरला होता, तो त्यानं पलंगाखाली ढकलून दिला होता. त्याचं हे कॉलेजचं शेवटचं वर्ष. आता नाही तर कधीच नाही.

मुलांचे कोच, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे, ते शब्दाला महाग. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की संघात घेतलंय, पण रिलेतली जागा मागून मिळत नाही. बॅकस्ट्रोकला उंट आहे, उंटाला हरव, जागा तुझी. भोवऱ्याला हे फार आवडलं. खुपलं ते वेगळंच. एकदा खोलीच्या दाराशी चपला काढताना आत कुणीतरी बोलताना त्यानं ऐकलं, की सर शेवटी त्याला घेतीलच, दया म्हणून, फोटोत बरं दिसतं. कोण बोललं ते त्यानं बघितलं नाही. पण तो शब्द काट्यासारखा रुतून बसला. दया! अरे, शेवटचा आलेला परवडला, पण ओवाळून टाकलेली जागा कोण घेणार?

तेव्हा त्यानं जिवाचं रान केलं. सर जेवढं पोहायला लावतील त्याच्या वर स्वतःचं पोहायचा. मुलांचा सराव भारी, त्यात तो कायम दमलेला, खांदे रात्रभर ठणकत. पाण्याच्या वर त्याला उंट काही आवरत नव्हता, उंटाचे हात म्हणजे वल्ही. पण भिंतीपाशी? भिंतीपाशी उंटाची लांबी उंटाच्याच मुळावर यायची. त्याला वळायला अख्खी गल्ली लागायची. भोवरा वळायचा, भिंत लाथाडायचा आणि पाण्याखालून पाय मारत असा सुटायचा की वर येईपर्यंत उंटाच्या पुढे. आणि कॉलेजचा तलाव छोटा, भिंती लवकर लवकर यायच्या. दोघंही एकमेकांना पाण्यात पाहायचे ते फक्त खरोखरच्या पाण्यात. बाहेर आल्यावर उंट भोवऱ्याच्याच डब्यातलं खायचा.

चाचणीच्या आधी सरांनी सगळ्यांना दोन दिवस विश्रांती दिली. भोवरा वर्षभरात पहिल्यांदा पोटभर झोपला. चाचणीला तलावाच्या कडेला अख्खा संघ उभा, आणि पलीकडच्या बाजूला मुलींचा सराव थांबवून कोचबाई, आपल्याला जणू ह्यात काही रस नाही अशा चेहऱ्यानं.

शिट्टी झाली आणि दोघं सुटले. पहिल्या भिंतीला भोवऱ्याच्या टाचा काठावर आपटल्या, पण तेवढं बघायला फुरसत कुणाला? दुसऱ्या भिंतीनंतर तो उंटाच्या बरोबरीला होता. तिसऱ्या भिंतीनंतर पुढे. पोरं ओरडायला लागली. शेवटच्या टप्प्यात उंट इंचाइंचानं जवळ यायला लागला, दोघांचे हात एकत्र पडायला लागले, आणि भोवऱ्यानं हातचं काही न राखता होता नव्हता तो सगळा जोर लावला.

आता पाठीवर पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही. त्याला दिसतं छत. म्हणून भिंतीच्या अलीकडे, डोक्यावर, आडव्या दोरीला पताका बांधलेल्या असतात. त्या दिसल्या की तिथून भिंतीपर्यंत आपले हात किती पडतात ते ज्यानं त्यानं मोजून ठेवायचं. भोवऱ्याचे पाच पडायचे. बारा वर्षांचा असल्यापासून पाच. झोपेत उठवून विचारलं असतं तरी पाच. पताका दिसल्या. एक, दोन, तीन, चार, आणि मग खाडकन असा आवाज झाला की पलीकडे बाईंनी कानावर हात ठेवले.

भोवरा डोक्यानं भिंतीला लागला होता. डोकं लागलं तरी नियमात चालतं, पण उंटाचा हात आधी लागला होता. पोरांनी भोवऱ्याला बाहेर काढलं, बसवलं, कुणी बर्फ आणला. डोळ्यांसमोर काजवे चमकत असतानाही त्याला एकच कळत होतं, की गेली. जागा गेली. सर वाकले, त्याच्या डोळ्यांपुढे बोटं नाचवली, कुठला वार आहे विचारलं, आणि डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. मग उभे राहून म्हणाले, निकाल तो निकाल.

तेवढ्यात बाई तलावाला वळसा घालून, चपला फटफटवत आल्या.

“मूर्खा, मोजत नव्हतास?”

“मोजत होतो, बाई.”

“किती?”

“पाच. नेहमीचे.”

बाई थांबल्या. त्यांनी पताकांकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग त्याच्या खांद्यांकडे. आणि एकाएकी त्या हसायला लागल्या. त्या अशा हसल्या की त्यांना पोटाशी हात धरावा लागला, आणि एरवी त्याच्याशी कधी सरळ न बोलणारी बाई टेंगळावर बर्फ धरलेल्या पोरापुढे ओल्या फरशीवर फतकल मारून बसली.

“अरे गाढवा, ते पाच त्या वेळचे. तुझ्या अंगात आता बळ किती आलंय, एका हातात तू केवढं पाणी मागे टाकतोस. सरावात तू मेल्यासारखा दमलेला, म्हणून पाच पुरायचे. आज विश्रांती घेऊन जोर लावलास, तर चौथ्यालाच भिंत आली. वाढलास तू. तुझं तुलाच कळलं नाही!”

भोवऱ्यानं आपले खांदे चाचपून बघितले. आरशात तो रोज बघायचा, केस मोजायचा, खांदे मापायचा. आणि खरी बातमी त्याला भिंतीनं द्यावी, तीही टाळक्यात हाणून? त्यालाही हसू फुटलं, पण हसताना डोकं ठणकलं, म्हणून एका हातानं डोकं धरून तो हसत राहिला. उगाच नाही म्हणत, जित्याची खोड. अंग नवं झालं होतं आणि मोजणी राहिली होती जुनी.

सर मात्र विरघळले नाहीत. मोजता न येणं हीही चूकच, म्हणाले. तेव्हा उंट पुढे आला. टॉवेल खांद्यावर, मान खाली.

“सर, भिंतीला टक्कर मारून पडलेल्याला मी हरवलं, हे मी चारचौघांत सांगू कसा? पुन्हा घ्या. नाहीतर माझं नाव काढा.” आणि मग टॉवेल सावरत, “तसंही मला पाठीवर पडून छत बघायचा कंटाळा आलाय. हा आला तर मला शेवटी फ्रीस्टाइल मिळेल.”

ही गोष्ट खरी होती. उंट छातीवर पोहायला लागला तर कॉलेजात त्याला तोड नव्हती, पण पाठीवरचा दुसरा कुणी नाही म्हणून तो तिथं अडकला होता. सरांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. डॉक्टर हो म्हणाले तर एका आठवड्यानं पुन्हा घेऊ, म्हणाले, आणि निघून गेले.

डॉक्टरांनी डोकं तपासलं, दोन दिवस पाण्यात उतरू नको म्हणाले, बाकी कवटी मजबूत आहे असा निर्वाळा दिला. पुढचे दिवस भोवरा एकच गोष्ट शिकत होता. ऐकायला सोपी वाटते, चार मोजायचे, त्यात काय मोठं? पण अंगाला लागलेली सवय म्हणजे माहेराहून बरोबर आलेली जुनी मोलकरीण, ती मालकिणीचंही ऐकत नाही. पताका दिसल्या की त्याचा खांदा पाचवा हात मागायचाच. नाहीतर घाबरून तो तिसऱ्यालाच थांबायचा आणि भिंत शोधत चाचपडायचा. बाई रोज स्वतःचा सराव संपवून भिंतीपाशी यायच्या आणि त्याच्या डोक्याआड किकबोर्ड, म्हणजे शिकाऊ पोरांची ती फोमची फळी, धरून उभ्या राहायच्या. मग पोरं यायला लागली. पताकांखालून तो गेला की सगळे मिळून ‘एक, दोन, तीन, चार’ ओरडायची. दोनच दिवसांत ते खूळ इतकं वाढलं की तो कॅन्टीनमध्ये शिरला तरी कुणीतरी ओरडायचं, चार! दयेचं बोलणारा त्यांच्यातच कुणीतरी होता, आणि तोही ओरडत असणार. भोवऱ्यानं कोण ते शोधायचा नाद सोडला.

दुसरी चाचणी झाली तेव्हा कुणी हसत नव्हतं. शेवटच्या टप्प्यात पुन्हा तेच, उंट जवळ, पताका डोक्यावर. चौथ्या हाताला भोवऱ्यानं बोटं लांबवली आणि ती भिंतीला लागली. उंटाचा हात त्याच्यानंतर पडला. सरांनी दोन्ही घड्याळं बघितली, दोनदा बघितली, आणि “बॅकस्ट्रोक, भोवरा,” एवढंच म्हणाले. उंट पाण्याखाली गेला तो बराच वेळ वर येईना. वर आला तेव्हा दात काढत होता. म्हणाला, सुटलो बुवा त्या छतातून.

आता पोहणाऱ्यांची एक रीत असते. मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी हात, पाय, पाठ, सगळीकडचे केस काढून टाकायचे. पाणी अंगाला घासत नाही म्हणतात. किती फरक पडतो ते पाणीच जाणे, पण ती रीत मोडायची कुणाची छाती नाही. रिलेची चौघं पोरं त्या दुपारी बाबांच्या सलूनमध्ये आली. बाबांनी दारावर ‘बंद’ची पाटी लावली आणि बाह्या सरसावल्या. उभ्या हयातीत त्यांनी दाढ्या हजारोंनी केल्या होत्या, पण पिंढऱ्या कधी केल्या नव्हत्या. उंटाच्या पायांपाशी ते क्षणभर हात कमरेवर ठेवून उभे राहिले, शेताच्या बांधावर उभं राहून किती नांगरायचंय ते बघावं तसे. मग लागले कामाला. पोरं गुदगुल्यांनी ओरडत होती, फेस एकमेकांना फासत होती, आई शेजारच्या पाळणाघरातून मधेच डोकावून ‘शी बाई’ म्हणून गेली.

शेवटी भोवरा खुर्चीत बसला. बाबांनी त्याच्या नडगीला फेस लावला आणि वस्तरा उचलला. भोवऱ्यानं एकदम पाय मागे घेतला. आता कुठं त्या पायांवर बरे दाट केस आले होते. किती वाट बघितली होती त्यांची! रात्री पांघरुणाखाली हात फिरवून तो खात्री करून घ्यायचा. 

“काढायचे, बाबा?”

बाबांनी पाय अलगद पुढे ओढून आपल्या गुडघ्यावर घेतला.

“परत येतात,” म्हणाले. “आता कुठं जातात ते.”

आणि त्यांनी वस्तरा चालवला. चारही जणांच्या केसांचा एकच ढीग खाली झाला. बाबांनी तो एकाच केरसुणीनं लोटला आणि एकाच सुपलीत भरला. त्यातले भोवऱ्याचे कुठले ते त्यालाही सांगता आलं नसतं.

स्पर्धेचा तलाव मोठ्या हॉलमध्ये होता. आत क्लोरीनचा वास, पायऱ्यांवर गच्च माणसं, आणि गलका असा की शेजारचा काय बोलतो ते कळेना. आई-बाबा वरच्या रांगेत होते. बाबांनी सलून सलग दुसऱ्या दिवशी बंद ठेवलं होतं. भोवऱ्याच्या शेजारच्या लेनमध्ये गेल्या वर्षीचा बॅकस्ट्रोकचा विजेता होता, दारात वाकून शिरावं लागेल एवढा. त्यानं भोवऱ्याकडे, म्हणजे भोवऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे बघितलं आणि पाण्यात उडी टाकली. आठही जण पाण्यात उतरून, काठावरच्या दांडीला धरून, पाय भिंतीला लावून आकसले. भोवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वर उडी मारायच्या ब्लॉकपाशी उंट उभा होता, तो काहीतरी बोलला, पण ऐकू आलं नाही.

भोंगा वाजला आणि सगळा आवाज बंद झाला, कारण भोवरा पाण्याखाली होता. तिथं शांत होतं. पाय एकत्र, कमरेतून एक लाट काढायची ती पायाच्या बोटांपर्यंत, मग दुसरी, मग तिसरी. वर आला तेव्हा विजेता मागे होता. मग त्यानं आपली लांबलचक वल्ही चालवली आणि भोवऱ्याला गाठून पुढे गेला. पताका आल्या. वळण. पाण्याखालून पुन्हा भोवरा पुढे. वर आल्यावर पुन्हा तो पुढे. असं चाललं दोघांचं, भिंत ह्याची आणि पाणी त्याचं. बाकीचे सहा जण कुठं राहिले ते भोवऱ्याला दिसत नव्हतं. छातीत आग लागली होती, मांड्या शिशाच्या झाल्या होत्या, आणि तरी त्याला असं वाटत होतं की कुणी आता थांब म्हणालं तर आपण त्याला चावू. शेवटच्या पताका डोक्यावरून गेल्या. त्याचा हात भिंतीला लागला तेव्हा विजेत्याचा नुकताच लागला होता. वीतभर अंतर असेल. त्याच्या डोक्यावरून त्यांच्या ब्रेस्टस्ट्रोकवाल्यानं झेप घेतली.

दुसरा! ज्याला सगळ्यांनी आठवा धरला होता तो दुसरा. भोवऱ्याला काठावर चढता येईना, तेव्हा उंटानं काखेत हात घालून त्याला मासळीसारखा उपसून काढला. मग पुढची दोन पोहणी सगळे नुसते ओरडत होते. ब्रेस्टस्ट्रोकला ते थोडे मागे पडले, बटरफ्लायला पुन्हा जवळ आले, आणि मग उंट गेला. वर्षभर छत बघितलेला उंट! तो असा पोहला की जणू कुणी त्याचा देणेकरी पुढे पळतोय. शेवटच्या भिंतीला त्याचा हात आणि पलीकडचा हात एकदमच पडल्यासारखे दिसले. सगळ्यांनी माना वर करून फलकाकडे बघितलं. आकडे उमटले. त्यांच्या कॉलेजचं नाव सगळ्यात वर होतं आणि त्याखाली चार नावं, पहिलं भोवऱ्याचं.

पुढे काय झालं ते भोवऱ्याला नीट आठवत नाही. बाई कपड्यांनिशी पाण्यात पडल्या, ढकललं कुणी ते कधी उघड झालं नाही. सर जवळ आले आणि त्याच्या डोक्यावर थापट मारून गेले. वरच्या रांगेत आई दोन्ही हात हलवत होती आणि बाबा खाली बसून डोळे पुसत होते, आणि कुणी बघतंय का याची त्यांना फिकीर नव्हती.

गर्दी थोडी विरळ झाली तसा तो शेजारच्या लेनमधला विजेता आला. चेहरा त्रासलेला.

“दर भिंतीला तू माझ्या पुढे,” तो म्हणाला. “इथल्या सगळ्यांना मी ओळखतो. तू कुठं होतास रे इतके दिवस?”

ओल्याचिंब बाई पुढे सरसावल्या. भोवऱ्याला सांगण्यासारखं खूप होतं आणि लपवण्यासारखं काहीच नव्हतं. पण ज्याला खरोखर त्याच्या पायांचीच धास्ती वाटली होती, दुसऱ्या कशाची नाही, असा हा पहिला माणूस समोर उभा होता, आणि भोवऱ्याला ते मनापासून आवडलं.

“इथंच होतो,” तो म्हणाला. “पाण्यातच.”

“मग लवकर यायचं की,” तो कुरकुरला, पण त्यानं हात पुढे केला आणि भोवऱ्यानं तो धरला.

मग त्यांना बक्षिसाला बोलावलं. विजेत्यांची पायरी बहुतेक एकट्या माणसाच्या मापाची बनवलेली होती. भोवरा सवयीनं कडेला, अर्ध्या पावलावर उभा राहिला, तर उंटानं दंड धरून त्याला आत ओढलं. चौघांना ती जागा पुरत नव्हती, आणि खाली पडायचं नसेल तर एकमेकांना घट्ट धरून उभं राहण्यावाचून इलाज नव्हता.